तात्यांच्या मेंदूची कड

बारामतीतल्या एका कॉलेजात मी संगणकाला मेंदू वाचायला शिकवते. एमआरआयच्या चित्रात करडा भाग कुठं संपतो आणि पांढरा कुठं सुरू होतो, तिथं माउसनं रेष ओढायची. चुकली की पुसून पुन्हा ओढायची. म्हाताऱ्या मेंदूत ही कड पुसट होते आणि जुनं सॉफ्टवेअर नेमकं तिथंच गडबडायचं. आम्ही ते सुधारलं. साहेबांनी पेढे वाटले.

त्याच सुमारास अंथुर्ण्यात माझे वडील, तात्या, विसरायला लागले. उसाला पाणी सोडून बांधावर नुसते बसून राहायचे. पायाला मुंग्या येतात म्हणायचे. मी हट्टानं त्यांचा एमआरआय करायला लावला. भाऊ त्यांना घेऊन गेला, आधार कार्ड दाखवून नाव-वय त्यानंच नोंदवलं. आमच्याच सॉफ्टवेअरनं करडा भाग अचूक मोजला, त्या वयाच्या माणसांशी ताडून पाहिला आणि शेरा दिला: वयानुसार ठीक. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मला हायसं वाटलं.

वर्षभरानं पिंपळीची आत्या आली. तात्यांची थोरली बहीण, पण चांगली खुटखुटीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, म्हणून तिकीट न काढता आल्याचं मोठ्या कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, तू कधी पंचाहत्तरची झालीस?

"आधारवर झाले की," आत्या म्हणाली. "तुज्या भावानंच नेलं हुतं. माझं अन् तात्याचं, दोघांचं बी वाढवून आणलं."

तात्यांनी खरं तर साठी नुकती ओलांडली होती, आधारवर मात्र पंचाहत्तरी. भावाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर एसटीचा फुकट प्रवास गेला असता."

सॉफ्टवेअरमध्ये खरं वय घातल्यावर तोच मेंदू भलताच झिजलेला निघाला. आम्ही आखलेली कड जिथल्या तिथं होती. मग कुठं रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलेलं. वर्षापूर्वी इंजेक्शनं सुरू झाली असती तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भावाचं तोंड बघायची मला अजून इच्छा होत नाही.

इंजेक्शनांनी पायाच्या मुंग्या गेल्या. तात्या आता नीट चालतात, पोटभर जेवतात. मला आयुष्यभर ‘ए पोरी’ म्हणणारा हा माणूस परवा मी पाणी दिलं तर अदबीनं सरकून बसला.

"बसा की, ताई," तात्या म्हणाले. "कुठनं आलाय तुमी?"