न कळवता जाणारे मोठे बाबा

लेकीकडे जायचं तर मोठे बाबा कधी फोन करत नसत. "कळवून गेलं तं घर दिसते, पोरगी नाही दिसत," म्हणत. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मागच्या वर्षी वारले. त्यांना अक्षरओळख नाही, असं मी धरून चाललो होतो. घरातला पहिला बी.ए. मी, आणि हे मी कुणालाही सांगतो.

त्यांची शालू झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात दिलेली. फुलसावंगीहून मोटारसायकलवर निघालं की पूस नदी ओलांडा, अरुणावती ओलांडा, मग डोंगर. चढ आला की मोठे बाबा मागून उतरत आणि तुरीच्या डाळीची थैली खांद्यावर टाकून चालत. "गाडीले बी जीव असते, बापा." मी वर जाऊन थांबायचो.

एका खेपेला वाटेत घाटंजीत ते चहा पीत होते, तेव्हा मी बाजूला जाऊन शालूला फोन केला. न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं मला अडाणीपणाचं वाटायचं.

पोचलो तर अंगण सारवलेलं, जावई इस्त्रीच्या शर्टात, चुलीवर मटण. जेवायला बसल्यावर मोठ्या बाबांनी ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. या ताटावर दुसऱ्याच कुणाचं होतं.

"वाच बरं, काय लिवलं?"

शालू दारातून माझ्याकडे बघत होती.

"तुमचंच नाव आहे," मी म्हणालो.

"असं का," म्हणून ते जेवले.

परतताना पहिल्याच चढावर ते उतरले. चढ संपला तरी गाडीवर बसेनात.

"सहीपुरतं माह्यं नाव मले येते. शिकलेला माणूस खोटं वाचते, हे नव्हतं ठाऊक. फोन तूच केलता ना?"

"हो."

"पलटव गाडी."

परत पोचलो तेव्हा जावई घरी नव्हता. मांडणीवर एक पातेलं आणि दोन वाट्या, बस. बाकीची भांडी त्यानं विकून दारूत घातली होती. शालू उसनी ताटं घासून शेजारी द्यायला निघालेली.

"काही विसरले का बाबा?"

"हो. तुले."

तिनं ताटं शेजारणीच्या ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि बापाच्या मागे येऊन बसली.