पायरीला खेटून लावलेली गाडी

उदगीरच्या आमच्या शोरूममध्ये पहिल्यांदाच गाडी घेणारं कुणी आलं की मालक दयानंदला हाक मारतात. मी पार्टच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे त्याची कला रोज फुकटात बघायला मिळते. क्लच कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाही तो असा घोळात घेतो की गडी चावी मागूनच उठतो. फार घाबरलेल्यांना मागच्या मोकळ्या जागेत नेऊन स्वतः शिकवतो. माणूस वाईट नाही. पण टार्गेट म्हटलं की भल्याभल्यांची बुद्धी गहाण पडते, तशी त्याचीही पडली.

गेल्या दसऱ्याला देवणीकडचे पंढरी आपल्या लेकीला, विशाखाला, घेऊन आले. बापाला ती दादा म्हणायची. विशाखा नर्स. वस्त्यांवर जाऊन गरोदर बाया आणि लेकरं तपासायची. त्या दगडगोट्यांच्या वाटेवर स्कूटीची बारकी चाकं टिकत नाहीत, म्हणून तिला मोटारसायकलच हवी होती. घर बौद्ध, त्यामुळे चाकाखाली लिंबू नको, नारळ नको. पण गाडी त्याच दिवशी, धम्मचक्राच्या दिवशी, दारात यावी ही पंढरींची फार इच्छा.

विशाखा ठेंगणी. तिला साजेशी कमी उंचीची गाडी लातूरहून दसऱ्यानंतर येणार होती. "दोन-चार दिवस थांबा" एवढं म्हणायचं होतं. आमच्या दयानंदनं काय केलं, तर शिल्लक असलेली उंच गाडी ढकलत नेली आणि शोरूमच्या पायरीला खेटून लावली. विशाखा बसली. तिचा डावा पाय पायरीवर सपाट टेकला.

"बघा ताई, टेकला की न्हाई? तुमच्याच मापाची हाय!"

पोरगी हरखली. बापानं मोबाइलवर फोटो काढले. रस्त्यावर पायरी नसते, हे त्या गडबडीत बापलेकीच्या ध्यानात आलं नाही. दयानंदच्या होतं.

दिवाळीच्या आधीच उतारावर आडवी गुरं आली. विशाखानं ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, तो जमिनीला लागलाच नाही. गाडी अंगावर पडली आणि पाय मोडला.

ही बातमी आमच्यापर्यंत आली ती उन्हाळ्यात, पंढरींच्याच तोंडून. ते शोरूममध्ये आले आणि हात जोडून उभे राहिले.

"गाडी वापस घ्या, सायेब. पाय बरा झाला, पन पोरीत दमच न्हाई. नोकरी बी सोडते म्हनून राहिली. तुमची काय चूक न्हाई."

त्या दिवशी दयानंदनं डबा उघडला नाही. संध्याकाळी शटर ओढताना त्यानं पायरीची ती सगळी गोष्ट मला सांगितली. मी त्याला शिव्या घातल्या, मनापासून घातल्या. "आता चल, तिच्यासमोर सांग," म्हणालो. रविवारी मी त्याच्या गाडीवर मागे बसून देवणीकडे गेलो, वाटेत तो पळून जाऊ नये म्हणून.

पंढरींच्या अंगणात ती गाडी घराच्या ओट्याला खेटून उभी होती आणि विशाखा तिच्यावर बसली होती. दयानंदला बघून बिचारी हसली.

"या भाऊ. हे बघा, इथं पाय बरोबर टेकतो. तुमच्याकडं टेकला होता तसाच. रस्त्यावर गेलं की टेकत न्हाई. भीतीनं मी पाय आखडते, असं दादा म्हणतात. म्हणून रोज इथं बसून सवय करते."

दयानंद ओट्यावर बसला.

"भीतीनं न्हाई, ताई. त्या दिवशी तुमच्या पायाखाली शोरूमची पायरी होती. मीच गाडी तिला खेटून लावली. ही गाडी तुमच्या मापाची नव्हतीच. मला ठाऊक होतं. माफ करा मला."

विशाखा ओट्यावरच्या आपल्या पायाकडे बघत राहिली. आतून पंढरींचा आवाज आला, "आजच घेऊन जा म्हनावं गाडी. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते!"

"दादा, भाईर या," तिनं हाक मारली. मग दयानंदकडे वळली. "आता ह्यांना सांगा. माझ्याकडं न्हाई, ह्यांच्याकडं बघून सांगा."

अडखळत का होईना, पण गोड जिभेच्या त्या माणसानं सगळं सांगितलं. चहाचा कप धरून पंढरी दारातच थांबले.

"अन् मी रोज हिला..." एवढंच ते बोलले.

विशाखा गाडीवरून उतरली. चावी काढून तिनं दयानंदच्या हातात दिली.

"माझ्या मापाची आणा. पायरीबिगर दाखवा."

"आणतो," दयानंद म्हणाला. तिच्या एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला बाप. दोघांपैकी कुणाचीच मान वर होत नव्हती.