नंदाताईंचा सोलेआ

फोन सुधीररावांचा होता. मिल्टन कीन्सचा गिटारचा क्लास आटोपून मी लंडनजवळ वॉटफर्डला घरी निघालो होतो. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी गाडी बाजूला घेतली. "केदार, नंदा सकाळी गेली," एवढंच ते म्हणाले.

नंदाताई माझ्या विद्यार्थिनी, सुधीरराव त्यांचे यजमान. नंदाताई पिनरच्या प्रायमरी शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झाल्या आणि थेट माझ्याकडे फ्लॅमेंको गिटार शिकायला आल्या. "मैत्रिणी भजनाला ओढून न्यायच्या आत मला हे शिकव," म्हणाल्या. स्पेनमधल्या या संगीतातला सोलेआ हा संथ, गंभीर प्रकार त्यांना सगळ्यात जवळचा वाटला. बारा मात्रांचा ठेका मी धरायचा, त्यावर त्यांनी सुरावट वाजवायची, असं आमचं दोन गिटारींचं वादन. त्यांना घाई फार. त्या पुढे पळायच्या, मी मागे खेचायचो. शिकवणी कमी आणि भांडण जास्त, पण मला त्या तासाची ओढ असायची.

मग कॅन्सर निघाला. केमोने बोटांची टोकं बधिर झाली. तार दाबली गेलीय की नाही, हे त्यांना बघूनच कळायचं. तरी उन्हाळ्यातल्या आमच्या छोट्या कार्यक्रमातून नाव काढू देईनात. मी सरावाला त्यांच्या घरी गेलो, तर सुधीररावांनी मला दारातच गाठलं. "तू तिला नाही म्हण. माझं ती ऐकत नाही." आतून आवाज आला, "अहो, त्याला मध्ये घालू नका. मला वाजवायचंय." मी पुढच्या सरावाची वेळ ठरवली. त्या दिवशी सुधीरराव मला सोडायला दारापर्यंत आले नाहीत.

कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता. सुरुवात छान झाली. मधल्या अवघड जागी त्यांची बोटं तारेवरून घसरली, परत घसरली, आणि त्या थांबल्या. मी ठेका चालू ठेवला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं... नंदाताई आपल्या डाव्या हाताकडे परक्यासारख्या बघत होत्या. पहिल्या रांगेतले सुधीरराव अर्धवट उठले. मी पुटपुटलो, "संपवू का?"

"संपवलंस तर बघ!"

त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, बोटं मुडपली आणि लाकडावर ठोका दिला. मग दुसरा. ठेका त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला होता. मी त्यांची सुरावट उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या जराही पळाल्या नाहीत. मीच घाबरून पुढे जात होतो, आणि त्या मला मागे आणत होत्या. शेवट दोघांचा एकत्र झाला. तेव्हा कुठे सुधीरराव खाली बसले.

नंतर कार पार्कमध्ये सुधीररावांना गाडीचं दार उघडता येईना. "मला वाटलं, ही तिथेच कोसळते," ते मला म्हणाले. नंदाताईंनी किल्ली मागितली. "अहो, मी चालवू का?" त्यावर ते हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले.

त्यानंतर नंदाताईंना वाजवता आलं नाही...

दोघांनी वाजवायचं तर आधी दोन्ही गिटारी एका सुरात लावाव्या लागतात. नंदाताईंना त्याला वेळ लागायचा. तेवढ्यात मी काही छेडलं की म्हणायच्या, "थांब रे, माझं व्हायचंय." त्यांच्या वेळेला आता दुसरा विद्यार्थी येतो. त्याची गिटार झटपट लागते. तो सुरू करायला माझ्याकडे बघतो, आणि मी तारांवर हात ठेवून थांबलेला असतो.