मेधावहिनीच्या शेताला पाणी

वहिनीला जाऊन महिना झाला, तरी तिच्या नावानं तुम्हाला रिक्वेस्ट येतेय.
'माझं पीक वाळतंय. पाणी घालाल?'

अकाउंट हॅक झालेलं नाही. भुताटकीही नाही. कृपया मला फोन करून ओरडू नका.

तो माझा दादा आहे. अजितदादा, मेधावहिनीचा नवरा.

आज हे लिहून टाकतो, कारण इथल्या बऱ्याच जणांना दादा फक्त 'हार्डकोर गेमर' म्हणून माहीत आहे आणि वहिनी 'ती शेतीवाली' म्हणून.

हार्डकोर. या शब्दाचा मला आता वीट आलाय.

आम्ही शाळेत होतो तेव्हा ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम, तो हार्डकोर. आमच्याकडे होता. म्हणजे दादाकडे होता, मला तो जेवायला बसला की मिळायचा.

मग बडोद्यात घरोघरी ते डबे आले. लगेच दादा म्हणाला, छे, खरा गेमर पीसीवर खेळतो.

मग पीसीही सगळ्यांकडे आले. तेव्हा ग्राफिक्स कार्ड लागायला लागलं.

मग लॅन, म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर एकत्र जोडून खेळायचं. शनिवारी मकरपुऱ्यातली कंपनी सुटली की दादाचे मित्र बाइकवर सीपीयू मांडीत धरून मांजलपूरच्या फ्लॅटवर हजर.

व्याख्या दर वेळी बदलायची. दादा मात्र दर वेळी आतच असायचा.

मग वहिनीनं इथला तो शेतीचा गेम सुरू केला.

"हा काय गेम आहे? क्लिक करा, वाट बघा. कॅज्युअल टाइमपास!" हे दादा.

"हो, मी कॅज्युअल. तुमचं युद्ध संपलं की सांगा रे, पानं घेते." ही वहिनी.

कॅज्युअल म्हणे! ही बाई पहाटे नळाला पाणी यायच्या आत कापणी उरकायची. ट्यूशनची मुलं दारात यायच्या आधी पेरणी. कुठलं पीक किती वेळात येतं, सगळं तोंडपाठ.

घरच्या वेळापत्रकाला तिनं ते शेत बांधून घेतलं होतं. भेंडी लावली म्हणजे आज घरीच आहे. कांदा म्हणजे बाजारात जायचंय. आणि सगळ्यात उशिरा येणारा ऊस लावला, की समजायचं, वहिनी करजणला आईकडे चालली.

ऊस फक्त करजणसाठी.

आईला फोनवरही तेवढंच सांगायची, "आई, ऊस लावला गं." की तिकडे मावशी, म्हणजे वहिनीची आई, पुरणाची डाळ भिजत घालायच्या.

आणि मला, "भाऊजी, मधे पाणी घालाल ना?"

दादाची लॅन लाइट गेली की संपायची. वहिनीचं शेत कधी वाळलं नाही. हार्डकोर कोण, ते तुम्हीच ठरवा.

त्या शुक्रवारी सकाळी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. दुपारी ती गेली.
याहून जास्त मला लिहवत नाही.

तेराव्यानंतर खालच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेन वर आल्या. त्याही त्याच शेतीत, वहिनीच्या शेजारीण. चेहरा पांढराफटक.

"भाई, मेधाबेननी रिक्वेस्ट आवी छे. पाणी मांगे छे."

मी आत गेलो. दादा वहिनीच्या अकाउंटवर बसला होता.

"दादा, बंद कर हे. लोक घाबरतायत."

त्यानं मॉनिटर माझ्याकडे फिरवला.
सगळं शेत ऊस.

"गुरुवारी लावलाय तिनं," दादा म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. बुधवारी वहिनीनं विचारलं होतं, शनिवारी मला करजणला सोडशील का? दादा म्हणाला होता, या शनिवारी लॅन आहे, पुढच्या आठवड्यात बघू. ती काही बोलली नव्हती. दादाला वाटलं, तिनं ऐकलं.

"ती एकटीच जाणार होती रे. बसनं."

ऊस तोडला, तर तिच्या हातचं शेवटचं पीक संपणार. नाही तोडला, तर वाळणार. शेजाऱ्यांनी पाणी घातलं तर आणखी एक दिवस टिकणार. म्हणून रोज रिक्वेस्ट.

गेममध्ये कोणी साधी हिंट मागितली तरी त्याची सालटी काढणारा माझा भाऊ अनोळखी लोकांकडे पाणी मागत होता.

आणि पाणी येत होतं. रोज. ज्यांना दादाची गँग कॅज्युअल म्हणून हसायची, त्याच काकवा, आज्या, कॉलेजच्या मुली घालत होत्या.

आज महिन्याच्या दिवसाला वहिनीची आई करजणहून आली. गेला महिनाभर त्यांचा एकच प्रश्न. "येते म्हणून फोन नाही आला. माझ्यावर रागावली होती का हो ती?"

दादानं त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"आई, ती येणार होती. मी नाही म्हटलं होतं. तरी येणार होती. हा बघा ऊस."

मावशी बघत राहिल्या. मला वाटलं, आता दादाला बोलणार. बोलायला हव्या होत्या, खरं सांगतो.

त्या म्हणाल्या, "मग काढा ना पीक, अजितराव. वाळवायला नव्हतं लावलं तिनं."

दादानं ऊस तोडला. एकेक चौकोन. शेवटचा मावशींनी तोडला, माउस दोन्ही हातांनी धरून.

शेत मोकळं आहे. पुन्हा काही पेरलेलं नाही.

दादा अजून त्याच्यापुढेच बसलाय. मला त्याच्यासाठी भीती वाटते. जवळ राहता त्यांनी येऊन जा. सीपीयू आणू नका, नुसते बसा.

इतके दिवस ज्यांनी पाणी घातलं, त्यांना हात जोडतो. उद्यापासून रिक्वेस्ट येणार नाही.

वहिनी, ऊस निघाला. आईला कळलंय, तू येणार होतीस.
आता निवांत जा.