द्राक्षबागेतली मावशी

लासुर्ण्याहून मोटारसायकलवर बारामती एमआयडीसीत कामाला जायचो, तेव्हा रस्त्याकडेच्या एका द्राक्षबागेत ती रोज दिसायची. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातात कात्री. मान वर करून एकेक घड निरखायची, खराब मणी दिसला की अलगद काढून टाकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका फेब्रुवारीत, तोडणी तोंडावर आली असताना गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी थांबवली. सगळा माल चिखलात पडला होता. ती मात्र मोडलेल्या फांद्या छाटून, कापल्या जागी निळं औषध लावत होती.

“मावशी, वर्ष गेलं की हो,” मी म्हणालो.

“वरीस गेलं, पर वेल हाय न्हवं?” ती म्हणाली. बाहीनं डोळे पुसून ती पुढच्या वेलीकडं वळली. “समदी बाग एकदमच पिकवली बघा, तितं चुकलं.”

त्या ऑक्टोबरात तिनं निम्मी बाग आधी छाटली आणि उरलेली बऱ्याच दिवसांनी, म्हणजे सगळा माल एकाच वेळी पिकायला नको.

पुढच्या हंगामात पुन्हा गारा पडल्या. मी धास्तावून तिच्या बागेशी थांबलो. मागून छाटलेली निम्मी बाग झोडपून निघाली होती. आधी छाटलेल्या बागेची तोडणी मात्र आदल्याच दिवशी उरकली होती, आणि ती बायकांबरोबर भरलेल्या पेट्या टेम्पोत चढवत होती.

मला पाहून ती हसली.

“औंदा गारांना निम्मीच घावली,” ती म्हणाली. “या, जरा हात लावा पेटीला.”