रफिक आणि थंडीतलं ऊन

रफिक गेला.

आज सकाळी, अकोल्याच्या दवाखान्यात. त्याच्या धाकट्या बहिणीने, साजिदाने, फोन करून सांगितलं. कानामागून सुरू झालेला त्वचेचा कॅन्सर मानेतल्या गाठींत आणि मग फुप्फुसात पोचला होता.

माती त्याच्या गावी, शेंदूरजनाघाटला झाली, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर. पुरुष मंडळी गेली, आम्ही बायका त्याच्या घरी होतो. मी आत्ताच परतले.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रफिक जन्मापासून पांढरा होता. केस, भुवया, पापण्यासुद्धा. अल्बिनिझम. कातडीला रंग देणारं आणि उन्हापासून राखणारं मेलॅनिन जवळपास नाहीच.

साजिदाही तशीच.

अमरावतीला बीएस्सीत प्रॅक्टिकलला आमचं टेबल एक होतं. पहिल्या दिवशी मी टक लावून पाहत राहिले, तर म्हणाला, "पाहून घे पुरं. मंग बेडकाकडे पाहू."

पुढे तो वरूडला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवू लागला आणि मी पेपरात आले. एप्रिल लागला की माझा त्याला फोन. पारा चढलाय, उन्हावर काहीतरी दे, संध्याकाळच्या आत.

तो वैतागायचा. "पत्रकार बाई, तुमी ऊन थर्मामीटरनं मोजता. कातडी तसं नाही मोजत."

मग सांगायचा.

अल्ट्राव्हायोलेट किरणं गरम लागतच नाहीत. ती गुपचूप पेशीत शिरतात. काही थेट डीएनएवर घाव घालतात, काही पेशीतल्या ऑक्सिजनला बिथरवतात. बिथरलेला ऑक्सिजन समोर येईल त्याला चावत सुटतो. त्याला आवरणारी रसायनं पेशीकडे असतात, पण मारा जास्त झाला की पुरत नाहीत. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

"अन् तोच ऑक्सिजन निरोप बी नेते," तो म्हणायचा. "मार लागला, वाढ थांबवा, दुरुस्ती करा. दुरुस्ती नाही जमली तं पेशी स्वतःहून मरून जाते. शहाणी राह्यते ते."

"आणि निरोपच चुकला तर?"

"मंग ते मरत नाही, वाढतच राह्यते. अन् तू मले भेटाले दवाखान्यात येतं."

हसत म्हणाला होता. शेवटचं वाक्य मी बातमीत घेतलं नव्हतं.

वऱ्हाडात ऊन म्हणजे लू, उन्हाळ्याची भाजणारी झळ. मार्चपासून अम्मी दोघा भावंडांच्या डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळायची. खिशात कांदा. उन्हाळाभर दोघं घरात.

थंडीत मात्र आंबिया बहाराची, म्हणजे त्या हंगामाची संत्री झाडावरून उतरायची. अब्बांचं पॅकिंगचं काम. अंगणात फळांचा ढीग आणि घरदार उन्हाकडे पाठ करून फळं निवडायला बसलेलं. दुपट्टे सुटायचे.

अम्मी म्हणायची, "बैठो बेटा, धूप खाओ. हड्डी मजबूत होती."

तिची काय चूक? ते ऊन कोणालाच भाजत नव्हतं.

कॉलेजात शिकला तेव्हा रफिकला कळलं. तेव्हापासून बाराही महिने टोपी, क्रीम, फुल बाह्या. दिवाळीतही. अब्बांच्या पॅकिंग शेडमधल्या बाया म्हणायच्या, "सायेब, थंडीत कायचं ऊन लागते तुमाले?"

पण लहानपणचे घाव पेशींनी जपून ठेवले होते.

निवडताना प्रत्येक फळ फिरवून पाहतात. उन्हाचा चट्टा असलेलं बाजूला. त्या घरात रफिकच्या कानामागे कोणी पाहिलं नाही. त्याला स्वतःला ते दिसणार कसं? केस कापताना न्हावी म्हणाला, "सर, इथं काय झालं?"

तोवर उशीर झाला होता.

मागच्या आठवड्यात अकोल्याला भेटायला गेले. साजिदा तिथेच होती. आता शेड तीच सांभाळते. भावाने कितीही सांगितलं तरी थंडीत अंगणातच बसते.

"कान दाखवला का डॉक्टरले?" त्याने तिला विचारलं.

"भाईजान, थंडीनं कातडी फुटली. दुसरं काही नाही."

"दिवसभर संत्री फिरवतं. एकडाव मान फिरव."

"बहार संपू द्या. मंग जाते."

त्याला बोलताना धाप लागत होती. तरी माझ्याकडे वळून म्हणाला, "पत्रकार बाई, हिले डेडलाइन दे."

आज दुपारी अंगणात छान ऊन होतं. सगळ्या बायका उन्हात बसल्या होत्या. साजिदा आत, ओसरीच्या सावलीत. मी शेजारी जाऊन बसले.

तिने ओढणी सरकवली आणि मान फिरवली.

उजव्या कानामागे खपली आहे. काय आहे ते मला कळत नाही. तिलाही नाही.

मी म्हटलं, "तिसऱ्या दिवसाची जियारत झाली की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. पुढे ढकलायचं नाही."

"बहार हाय ना, ताई."

मी तिची ओढणी पुन्हा कानावर ओढली. मग तिनेच विचारलं, "सकाळची गाडी कितीची हाय?"

अमरावतीच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. तुकडा काढून तपासायला पाठवतील, रिपोर्टला काही दिवस लागतील. गाडीत सावलीच्या बाजूची सीट धरू.

रफिक, डेडलाइन दिली आहे.

खुदा हाफिज, दोस्ता.