तारेपलीकडे दोनशे पावलं

आर्लिस हॉगन एकदाच गोळी झाडते, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. डोंगरात एकच बार ऐकू आला की लोक म्हणायचे, हॉगनबाईंची सोय झाली. तीन-चार लागोपाठ ऐकू आले की म्हणायचे, कुणीतरी बाहेरगावचा दिसतोय.

सव्वीस वर्षं ही बाई शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. घरी नवरा व्हर्लिन, लाकूड कापायच्या सॉ मिलमध्ये जन्म गेलेला, भुश्शाने फुफ्फुसांची चाळण झालेली. आता नाकात प्राणवायूची नळी घालून खिडकीपाशी बसलेला असतो. ह्या दोघांच्या घरात दुकानातलं मांस कधी आलं नाही. दर हिवाळ्याआधी आर्लिस एक एल्क, म्हणजे सांबराहून थोराड असं हरीण, मारून आणायची, तीही मादीच. नराच्या मोठ्या शिंगांमागे गाव वेडं व्हायचं तेव्हा ती म्हणायची, "शिंगं काय उकडून खायची?" एका मादीचं मांस त्या दोघांना पुढचा पानगळीचा मोसम येईपर्यंत पुरायचं. एकोणचाळीस वर्षं असं चाललं. चाळिसाव्या वर्षी ती रिकाम्या हाताने परत आली, आणि एकेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे मी सांगतोय त्या मोसमात, त्यांच्या फ्रीजरच्या तळाशी हाडांच्या दोन पिशव्या आणि बर्फ एवढंच उरलं होतं.

नेम चुकत होता म्हणाल, तर नाव काढू नका. चुकली ती वाट.

डोंगर सरकारी. सरकारी म्हणजे तुमचा, माझा, सगळ्यांचा. पण डोंगराच्या पायथ्याला स्टेन्सरूड म्हाताऱ्याचं रान होतं आणि वाट त्यातून जायची. दर वर्षी शिकारीच्या मोसमाच्या आदल्या दिवशी आर्लिस हकलबेरीची रानफळं भरून ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ भाजून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची. तो टेबलाकडे बघायचा, हिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "फाटक लावून घेत जा." झाली परवानगी. कागद नाही, सही नाही. पुढे म्हातारा गेला आणि पोरांनी रान विकलं. नवा मालक कुणी पाहिलेला नाही. दिसला तो त्याचा रंग. मैलोन्‌मैल एकेका खांबाला केशरी पट्टा मारला. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, आत पाऊल टाकाल तर खबरदार. मधेमधे खांबांवर कॅमेरे बसले. वाट गेली, आणि वाटेमागचा सगळ्यांचा डोंगर आता मालकाच्या परसासारखा झाला. त्याचे पैसेवाले पाहुणे तेवढे तिथून वर जातात.

बाकीच्यांनी काय करायचं? उत्तरेकडून फिरून यायचं. तिथे गाड्या लावायला एक मैदान आहे आणि सरकारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी मालकाच्या कुंपणाच्या तारेला लागून वर जाते. सगळा जिल्हा तिथे, शिवाय चार राज्यांच्या नंबरप्लेटा. आणि एल्क काही मूर्ख नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांना कळतं की तारेच्या आत बार होत नाहीत, झाले तरी मोजके. मग दोनशेचा कळप मालकाच्या गवतात दिवसभर रवंथ करत बसतो आणि तारेबाहेर माणसं दुर्बिणी लावून त्यांच्याकडे बघत बसतात. एखाद्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहावं तसं. अंगाची लाही लाही होते हो ते बघून!

मोसम पाच आठवड्यांचा. आर्लिस अकरा वेळा जाऊन हात हलवत परत आली होती. शेवटचा शनिवार उजाडला. व्हर्लिन खिडकीतून म्हणाला, "आज नाही मिळालं तर उद्यापासून मी गवत खातो. तेवढं मालकाला विचारून ये, गवत तरी खाऊ देशील का म्हणावं."

"तू काय खाशील? दोन घास चावलेस की धाप लागते तुला."

"म्हणून तर एल्क हवी. तुझ्या हातची शिजली की चावावी लागत नाही."

ती हसली आणि टोपीची गाठ बांधू लागली. त्याला दुसरं काही पचत नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी गेल्याच आठवड्यात वजनाचा आकडा बघून मान हलवली होती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

मैदानात त्रेचाळीस गाड्या होत्या. तारेलगत माणसांची रांगच लागलेली, कुणी घडीच्या खुर्चीत, कुणी थर्मास उघडून बसलेला. आर्लिस एका खडकामागे बसायला गेली तर एक दाढीवाला म्हणाला, "आजी, ही जागा आमची. आम्ही अंधारापासून बसलोय."

"मी चाळीस वर्षांपासून ह्या डोंगरावर येतेय."

"मग दमला असाल. घरी जाऊन आराम करा." त्याचे साथीदार फिदीफिदी हसले.

एरवी तिने त्याची पार सालटी काढली असती. पण त्या दिवशी तिच्यात भांडायचा जोर नव्हता. ती आणखी वर गेली आणि दोन अनोळखी माणसांच्या मधे, ओल्या बर्फात, गुडघे टेकून बसली. आजवर ती माणूस दिसला की तो डोंगर सोडून पुढचा धरायची. आज तिच्या डाव्या हाताला माणूस होता, उजव्या हाताला माणूस होता.

नवाच्या सुमाराला आत कुठेतरी मालकाच्या पाहुण्यांनी बार काढला. कळप उठला. दोनशे जनावरं उधळली आणि थेट तारेकडे आली, उड्या मारत, तार तोडत, सरकारी पट्टीवर. पुढे माणसं दिसताच ती गर्रकन वळली. आणि मग जे सुरू झालं त्याला शिकार म्हणतात का? खालपासून वरपर्यंत सगळी रांग पेटली. कुणी नेम धरत नव्हतं, घोळक्यावरच झाडत होते. जनावरं एकमेकांवर आदळत होती. एक पाडस पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत चाललं होतं.

आर्लिसचा चाळीस वर्षांचा नियम होता. जनावर उभं असेल, एकटं असेल, आडवं असेल, तरच बोट चापावर. धावत्या कळपावर गोळी टाकणाऱ्याला ती माणसात धरत नसे. व्हर्लिनने लग्नाच्या पहिल्या वर्षी तसं केलं तेव्हा दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आणि आता कळप परत तारेकडे निघाला होता. आणखी दहा श्वास, की सगळं आत. मोसम संपला, फ्रीजर रिकामा. तिने कडेने पळणाऱ्या एका मादीवर रायफल फिरवली आणि चाप ओढला.

गोळी लागल्याचा आवाज तिने ओळखला. फुफ्फुसात लागली की वेगळा येतो. हा पोटाचा होता, ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा. मादी कमरेत वाकली, तरीही तिने तार ओलांडली. आत दोनशे पावलांवर जाऊन ती खाली बसली. मान मात्र ताठ होती.

"काय केलंस हे, बये," आर्लिस स्वतःशीच म्हणाली.

खाली माणसं मेलेल्या जनावरांभोवती वचावचा भांडत होती, माझी गोळी की तुझी. हिच्या मादीवर कुणाचा दावा नव्हता. तारेपलीकडचं कुणाला हवं असणार? आमच्याकडे कायदा असा, की जनावर तुमच्याच गोळीचं असलं तरी मालकाने हो म्हटल्याशिवाय आत जाता येत नाही. तिने खांबावरच्या पाटीवरचा नंबर लावला. अर्ध्या तासाने रानाचा कारभारी छोट्या गाडीतून आला. तो टायरेल होता. सहाव्या वर्षापासून बारा वर्षांचा होईपर्यंत रोज दुपारी शाळेत हिच्या हातचं जेवलेला.

"हॉगनबाई," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं. ती बघ, पोटात लागलीय. मला आत येऊ दे."

"मालकांना फोन केला. सेक्रेटरी म्हणाली, ते मीटिंगमध्ये आहेत. पण उत्तर मला माहितीये. एकाला सोडलं की चाळीस आत येतात."

"बरं, मी नाही येत. मांसही नको मला. तू जा आणि तिला मोकळं कर."

"माझ्याकडे परवाना नाही. आणि..." त्याने हनुवटीने खांबाकडे दाखवलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. "घर त्यांचंच आहे, बाई. मी राहतो ते. बायकोला सातवा लागलाय."

मादीने मान खाली टाकली, पुन्हा उचलली. पोटात लागलेलं जनावर लवकर सुटत नाही. संध्याकाळपर्यंत तसंच बसतं, आणि कावळे आणि मॅगपाय नावाची काळी-पांढरी पाखरं डोळ्यांपासून सुरुवात करतात. मॅगपाय आले होते. दोन. मग पाच.

आर्लिसने घड्याळात पाहिलं. पावणेअकरा. मग तिने तारेवर कोट टाकला.

"हॉगनबाई, नका हो! परवाना जाईल तुमचा!"

"तू तोंड तिकडे कर, टायरेल. म्हणजे तुला काही दिसलं नाही असं सांगता येईल."

"मला नाही दिसणार. त्या कॅमेऱ्याला दिसतंय ना!"

"दिसू दे."

ती अडुसष्ट वर्षांची बाई तार ओलांडून गेली. मादीने उठायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही. आर्लिस जवळ गेली, मोठ्याने म्हणाली, "माफ कर गं," आणि कानामागे गोळी घातली. त्या दिवशी तिने दोन गोळ्या झाडल्या.

टायरेल मागोमाग आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आता आलाच आहात तर मागचे पाय तरी घ्या. पंधरा मिनिटं मी गाडीत बसतो."

तिने पाहिलं. मागच्या पायांचं ते मांस, व्हर्लिनचा हिवाळा, समोर वाफाळत पडला होता. मोह झाला नाही असं कोण म्हणेल? मग तिने खिशातून परवान्याची, मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी काढली, तिच्यावरच्या आजच्या तारखेला चाकूने खाच पाडली आणि दोरीने ती मादीच्या पायाला बांधली. चिठ्ठीवर नाव होतं, पत्ता होता.

"अहो, हे काय करताय? नावानिशी पुरावा ठेवून जाताय?"

"मारली मी. मग चिठ्ठी कुणाची बांधायची?" ती म्हणाली. "मी मांसासाठी आत आले नव्हते. आता घेतलं तर मलासुद्धा ते खरं वाटणार नाही. पोट फाडून ठेवते, म्हणजे मांस आंबणार नाही. मालक हो म्हणाला तर शाळेत दे. नाही तर तुझ्या बायकोला."

तिने बाह्या वर करून आतडी काढली, हात बर्फात पुसले आणि आली तशी गेली.

मालक सोमवारपर्यंत हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सोमवारी तिथे बरगड्या आणि पायाची ती चिठ्ठी उरली होती. महिनाअखेर टायरेलला घर सोडायला सांगितलं, कारण कॅमेऱ्यात तोही होता.

त्या शनिवारी दुपारी ती घरी पोचली तेव्हा व्हर्लिनने तिचे रक्ताचे हात बघितले आणि टाळी वाजवली. "मिळाली!" मग तिने सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "कळपावर झाडलीस?"

"हो."

तो खिडकीकडे वळला. नळीतून प्राणवायूचा बारीक आवाज येत राहिला. त्याने चिडवलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

बुधवारी शिकारखात्याचा निरीक्षक स्वयंपाकघरात येऊन बसला. भला माणूस, त्यालाच लाज वाटत होती. न्यायाधीशांपुढे काय होईल ते त्याने समजावून सांगितलं. "दोन वर्षं परवाना बंद राहील, बाई. तुम्ही स्वतःच चिठ्ठी बांधलीत, तेव्हा जास्त नाही करणार. दोन वर्षांनी परत मिळेल."

"मला नको," आर्लिस म्हणाली.

"आत्ता राग आहे म्हणून..."

"राग नाही. मी त्या दिवशी रांगेत बसले ना, तरी मी त्यांच्यातली नाही असं मला वाटत होतं. पण कळप आला तेव्हा मी त्यांच्यासारखीच झाले. दोन वर्षांनी रांग आणखी लांब असेल. तिथे मला पुन्हा बसवू नका."

निरीक्षकाने परवाना कायमचा सोडल्याचा कागद पुढे सरकवला. तिने सही केली, आणि व्हर्लिनसाठी डब्यातलं सूप गरम करायला उठली. त्याने अर्धी वाटी घेतली आणि उरलेली बाजूला सारली.